एकच आकडा

सौरऊर्जेवर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत गाडी एक जण चालवतो आणि ती किती वेगानं चालवायची हे मागच्या गाडीत बसलेला दुसराच कुणी ठरवतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड सोलर चॅलेंजमध्ये आमच्या विद्यापीठाच्या संघात हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. डार्विन ते ॲडलेड, म्हणजे खंडाच्या उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर. त्या प्रवासात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या मी इथे क्रमानं लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली मुलं आज बाहा आणि फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी रात्र रात्र वर्कशॉपमध्ये काढतात. यंत्र बिघडलं तर काय करायचं हे त्यांना शिकवायला माणसं आहेत. हिशेब करणाऱ्या माणसाचं काय बिघडू शकतं, हे मात्र मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं.

आधी शर्यत कशी असते ते सांगतो. १९८२ च्या डिसेंबरात हान्स थोल्स्ट्रप आणि लॅरी पर्किन्स यांनी एक सौर गाडी पर्थहून सिडनीकडे काढली आणि २० दिवसांत ती तिथे नेली. त्यातूनच थोल्स्ट्रप यांनी १९८७ मध्ये ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी जनरल मोटर्सची सनरेसर ताशी सरासरी ६७ किलोमीटरनं धावून जिंकली. आज पहिल्या फळीतल्या गाड्या ऐंशीच्या पुढची सरासरी गाठतात आणि तीही लहान पॅनेलवर. आमच्या वर्षी चॅलेंजर गटातल्या गाड्यांसाठी सिलिकॉन पॅनेलचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटरवरून ४ चौरस मीटरवर आणलं होतं. चांगल्या उन्हात भर दुपारी त्यातून साधारण ९०० वॅट मिळत. घरातली इस्त्री जेवढी वीज ओढते, जवळपास तेवढ्यावर एक माणूस बसलेली गाडी महामार्गावर पळवायची.

बॅटरी सुमारे पाच युनिटची, म्हणजे ५,००० वॅट-तासांची. ती डार्विनला भरून घ्यायची आणि त्यापुढे जे मिळेल ते सूर्याकडूनच. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एवढाच वेळ गाडी चालवायची. पाच वाजले की स्टुअर्ट महामार्गावर जिथे असाल तिथे मुक्काम. सोयीची जागा शोधायला काही मिनिटांची मुभा असते, पण ती मिनिटं दुसऱ्या दिवशी उशिरा निघून भरून द्यावी लागतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी प्रत्येकी अर्धा तास सक्तीचा थांबा असतो.

आमच्या ताफ्यात पुढे लीड गाडी, मग सौर गाडी, तिच्या मागे चेस गाडी आणि त्याही मागे सामानाचा ट्रक आणि ट्रेलर. मी चेस गाडीत मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. शेजारी आयोजकांनी नेमलेला निरीक्षक. सौर गाडीतून वायरलेसनं येणारे आकडे समोर सरकत असायचे: पॅनेलची वीज, मोटरची वीज, बॅटरीचं व्होल्टेज, वेग. त्यांच्यावरून मी हिशेब मांडायचो आणि वॉकीटॉकीवर चालकाला वेग सांगायचो.

या हिशेबातली मेख हवेच्या विरोधात आहे. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेलं की ती जवळपास दुप्पट होते. त्यामुळे अर्धा वेळ ७० नं आणि अर्धा वेळ ९० नं जाण्यापेक्षा पूर्ण वेळ ८० नं जाणं स्वस्त पडतं. अंतर तेवढंच कापलं जातं आणि हवेपायी होणारा खर्च साधारण पाच टक्क्यांनी वाचतो. म्हणून वेग ठरवणारा माणूस नेहमी एकच स्थिर आकडा शोधत असतो. तो शोध योग्यच होता. माझी चूक अशी की आकडा एकच द्यायचा म्हणून त्याबद्दलची माझी शंकाही मी द्यायची नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पहिली चूक दुसऱ्या दिवशीच्या सकाळी झाली. रस्त्यावरचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. अंधारात उठायचं, गाडीवरचं पॅनेल उचलून लाकडी टेकूंवर पूर्वेकडे तोंड करून ठेवायचं आणि सूर्य वर येईल तसा दर काही मिनिटांनी त्याचा कोन बदलायचा. पॅनेल आणि सूर्य यांच्यामधून कुणी चालायचं नाही, हा पहिला नियम. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली पडली तरी त्या साखळीतली वीज घटते. तोंडावर माश्या घोंघावत असतात, पायाखाली तांबडी धूळ असते आणि दहा-बारा जण हातात ब्रेड घेऊन पॅनेलभोवती उभे असतात. सकाळ-संध्याकाळच्या या उन्हातून दिवसाला दीडेक युनिट मिळायचं, म्हणून त्यातलं एक मिनिटही मला मोलाचं वाटायचं.

आमच्या इलेक्ट्रिकल गटात साताऱ्याचा एक मुलगा होता, माझ्याहून बराच लहान. संघात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो पॅनेलपाशी माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, करंट सेन्सरचा झिरो परत घ्यायला हवा. वर्कशॉपमध्ये एसीत घेतला होता. इथल्या उष्म्यात तो सरकला असणार."

बॅटरीत किती वीज उरली हे मोजायला आम्ही आत येणारा आणि बाहेर जाणारा विद्युतप्रवाह सतत जमा-वजा करत होतो. सेन्सरचं शून्यच सरकलेलं असेल तर चूक दर सेकंदाला साठत जाते. झिरो परत घ्यायचा तर पॅनेल आणि मोटर दोन्ही दहा मिनिटं तोडावी लागली असती. त्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं म्हणजे फार तर पन्नास वॅट-तासांचं नुकसान.

मी त्याला म्हणालो, "आत्ता नको. आकडे बरोबर आहेत, मी बघतोय."

आकडे बरोबर आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं. मी तपासलंच नव्हतं. तरी मी ते इतक्या ठामपणे सांगितलं की तो "बरं दादा" म्हणून निघून गेला आणि त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, सेन्सर ०.३ अँपियरनं चुकत होता. आमची बॅटरी साधारण १०० व्होल्टची, म्हणजे ३० वॅटची खोटी भर. नऊ तासांच्या प्रवासात २७० वॅट-तास. कूबर पीडीला पोचेपर्यंत माझ्या कागदावरची शिल्लक प्रत्यक्षापेक्षा हजार वॅट-तासांहून जास्त झाली होती, म्हणजे बॅटरीचा एक पंचमांश भाग फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

सक्तीच्या थांब्यांवर हे कळायची संधी होती. गाडी उभी असते, मोटर बंद असते, तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज बऱ्यापैकी खरं बोलतं. टेनंट क्रीकला ते माझ्या अंदाजापेक्षा कमी दिसलं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आणखी कमी दिसलं. दोन्ही वेळा मी स्वतःची समजूत घातली की सेल तापलेले आहेत, पॅनेलमधून अजून वीज आत जाते आहे, म्हणून वाचन नीट येत नाही. एक मोजमाप दुसऱ्याशी जुळत नाही, ही गोष्ट सगळ्यांसमोर मांडायला हवी होती. मला जे मोजमाप सोयीचं होतं ते मी ठेवलं आणि दुसऱ्याला कारणं देत राहिलो.

दुसरी चूक वाऱ्याची. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर कार्लू कार्लू आहे. डेव्हिल्स मार्बल्स या नावानं लोक ते ओळखतात. लालसर ग्रॅनाइटच्या प्रचंड गोल शिळा मोकळ्या माळावर एकमेकींवर तोललेल्या आहेत. त्या बाजूचा प्रदेश सपाट, झाडं ठेंगणी आणि वारा अडवायला काही नाही. त्या दुपारी वारा आडवा होता आणि झोतांनी येत होता. शिवाय समोरून रोड ट्रेन यायच्या. तीन-चार ट्रेलर ओढणारे ते ट्रक ५० मीटरहून लांब असू शकतात. असा ट्रक बाजूनं गेला की आधी हवेचा धक्का गाडीला बाहेर ढकलतो आणि लगेच मागची पोकळी तिला आत ओढते. आमची गाडी चालकासकट अडीचशे किलोच्या आसपास होती आणि तिचा आकार असा की आडवा वारा तिला सहज पकडायचा.

गाडी चालवत होती ती आमच्या संघातली सगळ्यांत अनुभवी चालक, एक ऑस्ट्रेलियन मुलगी. आत चाळिशीच्या पुढचं तापमान, पाठ जवळपास टेकलेली, समोर काचेचा बुडबुडा. तिनं वॉकीटॉकीवर सांगितलं की स्टिअरिंग सतत एका बाजूला धरून ठेवावं लागतंय, वेग कमी करू का? मी म्हणालो, ७२ ठेव, हा पट्टा थोडाच आहे, पुढे वारा पडतो. तिनं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर एका झोतानं गाडी डांबर सोडून कडेच्या खडीवर गेली. तिनं जोरात ब्रेक न मारता गाडी हळूहळू परत वर घेतली. ते कौशल्य तिचं होतं. माझ्यामुळे ती वेळ तिच्यावर आली होती.

पुढे वारा पडेल, याला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. मी मागच्या गाडीत बंद काचांआड बसलो होतो आणि वाऱ्याचा जोर तिच्या मनगटांना कळत होता. तिच्याकडे प्रत्यक्ष मोजमाप होतं आणि माझ्याकडे इच्छा होती. तरी तिनं माझं ऐकलं, कारण मी ते अंदाज म्हणून सांगितलं नाही, माहिती म्हणून सांगितलं. २०१९ च्या शर्यतीत नेदरलँड्सच्या ट्वेंट संघाची गाडी वाऱ्याच्या झोतानं रस्त्याबाहेर फेकली गेल्याचं वाचलं तेव्हा ती दुपार मला जशीच्या तशी आठवली. जगातल्या उत्तम संघांपैकी तो एक. वाऱ्यापुढे त्यांची ती गत झाली, तिथे मी अंदाजानं एका मुलीला वेग धरून ठेवायला लावला होता.

तिसरी चूक या सगळ्यांत गंभीर. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ओलांडल्यावरच्या मुक्कामी मला पुढच्या दोन दिवसांचं ढगांचं चित्र हवं होतं. त्या भागात गावं सोडली तर मोबाइलला नेटवर्क नसतं. आमच्याजवळ सॅटेलाइट फोन होता. विद्यापीठात बसलेल्या सहकाऱ्याला फोन केला असता तर त्यानं हवामानाचा अंदाज वाचून दाखवला असता. मला मात्र नकाशे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. म्हणून सूर्य मावळल्यावर मी दोघांना लीड गाडी घेऊन पुढच्या रोडहाऊसवर पाठवलं, इंटरनेट मिळवून नकाशे उतरवून आणायला. गाडी चालवणारा मुलगा पहाटेपासून जागा होता. तो नको म्हणाला नाही, कारण त्या आकड्यांवर सगळ्यांचं भलं अवलंबून आहे असं मी सगळ्यांना पटवून ठेवलं होतं.

त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही. गुरं मोकळी फिरतात आणि दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री येऊन उभी राहतात. कांगारूही संधिप्रकाशातच बाहेर पडतात. तिथले लोक अंधारात प्रवास टाळतात, आणि हे डार्विनला सुरक्षेच्या बैठकीत आम्हाला सांगितलं होतं. परत येताना त्या दोघांच्या समोर एक बैल उभा होता. काळ्या अंगाचा असल्यानं तो दिव्यांच्या उजेडात अगदी शेवटी दिसला. गाडी त्याच्यापासून काही हातांवर थांबली.

ते मुक्कामी पोचले तेव्हा चालवणाऱ्या मुलाचे हात थरथरत होते. मी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि लगेच लॅपटॉप मागितला. हे लिहिताना आजही मला मान खाली घालावीशी वाटते. तो मुलगा आणि त्याच्या शेजारी बसलेली मुलगी या दोघांच्या जिवाची किंमत मोजायला तू तयार आहेस का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी रागानं नाकारलं असतं. पण प्रत्यक्षात त्यांना अंधारात पाठवताना मी तेच केलं होतं.

चौथ्या चुकीत आधीच्या तिन्ही एकत्र आल्या. त्या नकाशांवर कूबर पीडीच्या दक्षिणेला ढग होते. ते किती वेळ राहतील याबद्दल दोन अंदाज एकमेकांशी जुळत नव्हते. एकात दुपारपर्यंत आकाश मोकळं होत होतं, दुसऱ्यात दिवसभर झाकोळ होता. सकाळच्या बैठकीत टीम लीडरनं विचारलं, काय दिसतंय? मी सांगितलं, दुपारनंतर मोकळं होईल. दुसऱ्या अंदाजाचा उल्लेखही मी केला नाही. दोन अंदाज सांगितले असते तर चर्चा झाली असती, आठ वाजायला थोडाच वेळ होता आणि चर्चा मला नको होती.

कूबर पीडी हे ओपल खाणींचं गाव. उष्म्यामुळे तिथली बरीच घरं जमिनीखाली आहेत. तिथून ग्लेंडॅम्बो अडीचशे किलोमीटर. मधे जवळपास काही नाही. निघून तासाभरात आकाश भरून आलं. पॅनेल ९०० वरून २०० वॅटवर उतरलं. ताशी ७० ला आमच्या गाडीला सुमारे ९०० वॅट लागत, म्हणजे दर तासाला ७०० वॅट-तास बॅटरीतून जात होते. ४५ च्या वेगाला ४०० वॅट पुरले असते आणि बॅटरीतून तासाला जेमतेम २०० गेले असते. माझ्या कागदावर अजून २,३०० वॅट-तास शिल्लक होते, म्हणून मी ७० कायम ठेवला. ढग जातील, मग भरून काढू.

ढग गेले नाहीत, आणि २,३०० ही शिल्लकही खरी नव्हती. गाडी ग्लेंडॅम्बोच्या बरीच अलीकडे असताना एका सेलचं व्होल्टेज मर्यादेखाली गेलं आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमनं मोटर तोडली. चालकानं गाडी कडेला घेतली. आम्ही पॅनेल उचलून आकाशाकडे धरलं. करड्या उजेडात त्यातून इतकी थोडी वीज येत होती की पुढच्या थांब्याची मुदत गाठणं शक्य नव्हतं. शेवटी गाडी ट्रेलरवर चढवली आणि स्पर्धेच्या मुख्य क्रमवारीतून आम्ही बाहेर पडलो. दोन वर्षं ज्यांनी त्या गाडीचं कवच हातानं घासलं होतं, ती मुलं पट्टे आवळत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. सेन्सरबद्दल मला विचारलं होतं आणि मी न तपासता नकार दिला. थांब्यांवरचं व्होल्टेज जुळत नव्हतं, ते मी दडवलं. वाऱ्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. हवामानाचे अंदाज दोन होते. टीम लीडर बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली की गाडी हरल्याचं तिला दुःख आहे, पण राग वेगळ्याच गोष्टीचा आहे: सकाळी दोन्ही अंदाज कळले असते तर तिनं सरळ ५० नं जायचं ठरवलं असतं, आणि तो निर्णय घ्यायची संधी मी तिला दिलीच नाही.

साताऱ्याचा तो मुलगा नंतर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दादा, मी पण परत बोलायला हवं होतं. पण तुम्ही इतकं ठामपणे सांगितलंत, मला वाटलं तुम्ही बघितलं असेल."

माझ्या सगळ्या चुकांचा अर्थ त्या वाक्यात आहे. मी खात्रीनं बोलत गेलो तसं बाकीच्यांनी आपापलं बघणं थांबवलं. चालकानं मनगटांवरचा भरवसा सोडला, इलेक्ट्रिकलच्या मुलानं मीटरवरचा सोडला आणि लीडरनं आकाशाकडे बघायचं सोडलं. पंधरा माणसांच्या संघात पंधरा जोडी डोळे होते. माझ्या ठामपणामुळे शेवटी संघाला एकच जोडी उरली, आणि ती लॅपटॉपच्या पडद्याकडे लागलेली होती.

अनिश्चितता ही या शर्यतीतली कधीमधी येणारी अडचण नाही, ती रोजची स्थिती आहे. २०१९ मध्ये डेल्फ्टच्या संघाची गाडी शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना पेटली. चालक सुखरूप बाहेर आला, गाडी जळून गेली आणि बेल्जियमचा लूवेनचा संघ जिंकला. डेल्फ्टनं ही शर्यत अनेकदा जिंकलेली आहे. इतक्या तयारीच्या लोकांनाही पुढच्या तासाची हमी नसते. मग माझ्या आकड्याला हमी आहे असं दाखवणं ही नुसती चूक राहत नाही. ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला त्यांच्याशी ते खोटं बोलणं होतं.

पुढच्या तुकड्यांबरोबर काम करताना मी काही गोष्टी पक्क्या केल्या. रोज सकाळी सेन्सरचा झिरो घ्यायचा, मग कितीही चांगलं ऊन वाया जावो. थांब्यावरचं व्होल्टेज मोठ्यानं वाचायचं आणि हिशेबाशी जुळलं नाही तर वाईट आकडा खरा धरून पुढे जायचं. वाऱ्याच्या बाबतीत चालकाचा शब्द अखेरचा. तिनं किंवा त्यानं वेग कमी केला तर कारण थांबल्यावर विचारायचं. सूर्य मावळल्यावर कुणीही, कशासाठीही रस्त्यावर जायचं नाही. आणि वेग ठरवणाऱ्यानं एक आकडा देताना त्याच्यासोबत दोन आकडे आणखी सांगायचे: सगळं अनुकूल झालं तर किती, आणि सगळं बिघडलं तर किती.

या शेवटच्या नियमाला मुलं सुरुवातीला कंटाळतात. त्यांना वाटतं, तीन आकडे सांगणाऱ्याला काम येत नसावं. मलाही तसंच वाटायचं. तुमच्या संघात हिशेब सांभाळणारा कुणी असेल तर त्याला रोज एकदा विचारा की आज तुला कशाची खात्री नाही. त्यानं उत्तर दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. कशाचीच शंका नाही असं तो म्हणाला, तर गाडी सुरू करू नका, आधी त्याच्यासोबत बसून मीटर तपासा.